लेसरची खोली

“बांगड्या काढाव्या लागतील,” बेडेकर साहेब म्हणाले.

नव्या खोलीच्या दाराशी आम्ही तिघी उभ्या होतो. मी, मालन आणि हौसा. खोलीला अजून रंगाचा वास येत होता. मधोमध ते यंत्र होतं. काहीतरी अवाढव्य असेल असं आम्हाला वाटलं होतं, पण ते आपलं शिलाई मशिनच्या टेबलाएवढं. वरून एक नळी खाली आलेली, तिच्याखाली फिरणारी चकती, चकतीला हातानं फिरवायचं चाक आणि पायाशी पेडल.

“सगळ्या?” मालननं विचारलं.

“सगळ्या. आणि गळ्यातलंसुद्धा.”

मालन हसायला लागली. घाबरली की ती हसायची. “साहेब, असं तोंडानं म्हणू नये हो. बांगडी काढत न्हाईत, वाढवत्यात. आणि गळ्यातल्याचं तर तेबी नाव घ्यायचं न्हाई.”

बेडेकर साहेब पुण्याचे. वय तिशीच्या आतलं, लग्न व्हायचं होतं. त्यांचे कान लाल झाले. “माझ्या आईनं हे ऐकलं तर ती मला घरात घेणार नाही,” ते म्हणाले. “पण हे यंत्र आईचं ऐकत नाही, बाई. थांबा, दाखवतो.”

त्यांनी आम्हाला एकेक हिरवा चष्मा दिला. चकतीवर पितळेची चकचकीत पट्टी ठेवली, बाजूला एक काळा कागद टेकवून उभा केला. पट्टीवर लाल ठिपका पडला होता, कुंकवाच्या टिकलीएवढा. साहेबांनी पेडल दाबलं. टिचकी वाजवल्यासारखा आवाज झाला. पट्टीला काहीच झालं नाही. कागदाला मात्र भोक पडलं आणि भोकाच्या कडेनं धूर निघायला लागला.

“मारला कुठं आणि जळालं कुठं, बघितलंत?” ते म्हणाले. “हा लाल ठिपका म्हणजे नुसती खूण. खरा किरण डोळ्यांना दिसत नाही. पोलाद त्याला पिऊन टाकतं आणि वितळतं. सोनं, पितळ त्याला परत भिरकावतं. कुठं भिरकावेल ते मी सांगू शकत नाही. म्हणून या खोलीत अंगावर चकाकणारं काही नको. काचसुद्धा नको.”

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली. “शालनताई, तुमची... म्हणजे तुम्हाला तसा प्रश्न...”

“मला प्रश्न नाही,” मी म्हणाले.

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. काविळीनं गेले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. माझे हात आणि गळा मोकळाच होता.

ही साताऱ्याच्या एमआयडीसीतली गोष्ट. लेसर हा शब्दसुद्धा आमच्याकडं नवा होता तेव्हाची. आमचा कारखाना दाब मोजायच्या गेजच्या आतल्या डब्या बनवायचा. पुरीएवढ्या, पोलादाच्या पातळ पत्र्याच्या. दोन नक्षीदार चकत्या एकमेकींवर ठेवायच्या आणि कडा जोडायची, की झाली डबी. आम्ही बायका ती कड डाग देऊन जोडायचो. अॅसिडचा धूर नाकात जायचा, बोटं भाजायची, घरी गेलं तरी जेवणाला कथलाचा वास यायचा. हौसाला तर खोकल्याची उबळ आली की तिला बाकावर डोकं टेकून बसावं लागायचं. आता ते सगळं हळूहळू जाणार होतं. आणि जी या यंत्रावर बसेल ती ऑपरेटर होणार होती. आमच्या बाकावरची कुठलीच बाई तोवर ऑपरेटर झालेली नव्हती. ते पुरुषांचं काम.

पहिल्यांदा मी बसून बघितलं. डावा पाय पेडलवर, उजवा हात चाकावर. पाय दाबला की टिक टिक टिक असे बारीक टाके पडत जायचे आणि हातानं डबी फिरवत राहायची. हात रेंगाळला की भोक. हात पळाला की दोन टाक्यांत फट. माझ्या पहिल्या डबीची चाळण झाली.

“ह्यात पीठ चाळायला बरं पडेल,” हौसा म्हणाली.

“तू बस की मग!”

मालन “आमच्या घरात चालायचं न्हाई” म्हणून मागं फिरली. हौसा मात्र दारातच उभी होती. माझ्या हाताकडं बघत होती आणि नकळत तिचा स्वतःचा हात हवेत गोल फिरत होता. तिच्या हातात कोपरापर्यंत नाही, पण मनगट झाकेल इतक्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर आली आणि मला नळाकडं घेऊन गेली. पदर बाजूला करून गळा दाखवला. काळ्या मण्यांतल्या डोरल्याच्या शेजारी पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड होतं.

आमच्याकडं डोरलं तुटलं, तर सोनार ते गाठून देईपर्यंत गळा मोकळा ठेवत नाहीत. हळदीत बुडवलेल्या दोऱ्यात हळकुंड बांधतात. त्याला कुणी नावं ठेवत नाही.

“एवढंच राहील गळ्यात,” हौसा म्हणाली. “आणि मनगटाला पिवळा दोरा. मग कुणाची काय तक्रार?”

“घरी सांगितलंस?”

“घरच्यांना लेसर कुठं करायचाय?”

ती तशीच बेडेकर साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. “साहेब, हळदीवरनं तुमचा किरण उडतो का?”

बेडेकर साहेबांचं मला एक आवडायचं. ते हसले नाहीत. “बघायला पाहिजे,” म्हणाले. तिच्याकडून एक जादा हळकुंड मागून घेतलं, चकतीवर ठेवलं, शेजारी काळा कागद उभा केला आणि पेडल दाबलं. खोलीभर करपलेल्या हळदीचा वास सुटला. कागद होता तसाच.

“उडत नाही,” साहेब म्हणाले. “नुसतं जळतं.”

“जळू दे. मी जळत न्हाई न्हवं?”

“नाही, तुम्ही नाही.”

“मग झालं तर.”

अशी हौसा लेसरवर बसली.

तिच्या बांगड्या घट्ट होत्या, रोज साबण लावून काढता येण्यासारख्या नव्हत्या. तिनं त्या आठवड्यात कासाराकडून एक माप मोठ्या भरून घेतल्या. सासूला सांगितलं, हात सुजतात. बांगड्या डब्याच्या पिशवीत राहायच्या. डोरल्याचा मात्र प्रश्न होता. आमच्या कपाटांना कुलपं नव्हती आणि ते सोन्याचं होतं. तिनं आधी मालनला विचारलं.

“मी न्हाई बाई दुसरीचं डोरलं सांभाळायची,” मालन म्हणाली. “हरवलं म्हणजे?”

तेव्हा हौसानं ते माझ्यापुढं धरलं. मी हात मागं घेतला.

“माझ्याकडं नको, हौसा.”

“का?”

“का म्हणून काय विचारतेस? कळत नाही का तुला?”

“कळतंय की. पण तुमच्यासारखं जपून कोण ठेवणार? मालनचा डबा दोनदा हरवलाय.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना साहेबांनी आत यायला बंदी केलीया,” ती म्हणाली आणि ते माझ्या ओंजळीत टाकून मोकळी झाली. गळ्यातून नुकतंच काढलेलं, कोमट. कितीतरी वर्षांनी माझ्या हातात काळे मणी आले होते. मी पदराच्या टोकाला बांधून गाठ कमरेला खोचली. मग तो रिवाजच झाला. सकाळी ती द्यायची, मी बांधायचे. सुटी झाली की नळापाशी मी सोडून द्यायचे.

तिचा हात मी विसरणार नाही. ती चाक फिरवायची तेव्हा मनगट हलायचं नाही, खांद्यापासून सगळा हात फिरायचा. “जात्यावर बसल्यावानी बसते मी,” ती सांगायची. लहानपणी आईसोबत तिनं जातं ओढलं होतं. दाण्यांचा घास टाकायला एक हात सुटला तरी दुसऱ्यानं वरच्या पाळूची गती मोडायची नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. टाक्यावर टाका अर्धा चढायचा, सगळे एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे. डब्या तपासायचं काम माझ्याकडं होतं. डबीत हवा भरून ती पाण्याच्या हौदात बुडवायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. हौसाच्या डब्या पाण्यात मुक्या बसून राहायच्या. मी हौदाशी उभ्या उभ्या कंटाळून जायचे.

“ताई,” एकदा जेवताना ती म्हणाली, “मला खोकला येऊन किती दिवस झालं, सांगा बरं.”

मला खरंच आठवेना.

“मलाबी न्हाई आठवत,” ती म्हणाली आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडला.

पाव्हणे यायला लागले. दाराच्या हिरव्या काचेतून आत बघायचे. बेडेकर साहेब अभिमानानं सांगायचे, “ह्या हौसाबाई. मला स्वतःला अजून इतकी सरळ शिवण येत नाही.” हौसा आतून चष्म्यातूनच त्यांच्याकडं बघायची आणि परत मान खाली घालायची. मग साहेबांनी तिला सांगितलं, होळी झाली की मोठे साहेब मुंबईहून येतील, तेव्हा ऑपरेटर म्हणून तुमचं नाव कायम करून घेऊ. त्या दिवशी ती घरी निघताना डोरलं घ्यायलाच विसरली. मला गेटपर्यंत तिच्यामागं पळावं लागलं.

“अगं, एवढं कसलं डोक्यात?”

“पाटी कशी लावतील ओ, ताई? नुसतं हौसाबाई, का सगळं नाव?”

उसाचा हंगाम होता. तिचे मालक रंगराव ट्रॅक्टरवर असायचे, ऊस कारखान्याला पोचवायचे. होळी जवळ आली होती. दुपारची वेळ. मी हौदाशी होते. गेटवरचा शिपाई धावत आला आणि लेसरच्या खोलीच्या दारापाशी थबकला. दारावर लाल दिवा लागलेला. दिवा लागला असताना आत जायचं नाही असा नियम होता, म्हणून तो काचेवर हात आपटायला लागला. हौसानं पाय उचलला, दिवा विझला.

“हौसाबाई, घरची माणसं आल्यात. रंगराव ट्रॉलीवरनं पडलं. चला बिगीबिगी.”

हौसा तशीच पळाली. चष्मा कपाळावर, अंगात कारखान्याचा झगा, बाह्या वर सारलेल्या. मी नुसती बघत राहिले. मग माझा ओला हात कमरेला लागला आणि पदराची गाठ हाताला आली. मी तिच्यामागं धावत सुटले.

गेटबाहेर एक जीप उभी होती आणि जीपपाशी तिची सासू. तिला मी पूर्वी एकदा बघितलं होतं. आत्याबाई म्हणायची हौसा तिला. काटक, काळीसावळी बाई, कपाळ मोकळं. नवरा लवकर गेलेला, एकुलता लेक तिनं वाढवलेला. मी पोचले तेव्हा ती बोलत होती, “सिव्हिलात नेलाय, पायावरनं चाक गेलं, शुद्धीवर हाय, तुझं नाव काढतोय...” आणि बोलता बोलता थांबली.

तिची नजर हौसाच्या मनगटावर गेली होती. तिथून गळ्यावर गेली. मनगटाचा पिवळा दोरा घामानं विटलेला, हळकुंड झग्याच्या आत गेलेलं.

ती जीपमधून येईपर्यंत अर्धा तास तरी गेला असेल. तेवढ्यात काय झालं असेल, हे तिच्या मनात कसं आलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. कारखान्यात फोन होता. सिव्हिलात फोन होता.

“गेला का गं?” तिनं विचारलं. आवाजच नव्हता त्यात. “माझ्या माघारी गेला? तुला आधी कळवलं व्हय?”

आणि ती खाली बसली. रस्त्यावरच, धुळीत.

“न्हाई हो आत्याबाई!” हौसा तिच्यापुढं गुडघ्यावर बसून ओरडायला लागली. “न्हाई, न्हाई! मशिनसाठी काढल्यात! मशिनला चालत न्हाईत! मला कुणी काय कळवलेलं न्हाई, तुमीच सांगताय न्हवं, शुद्धीवर हाय म्हणून! आत्याबाई!”

म्हातारी तिच्याकडं बघत होती, पण ऐकत नव्हती. हौसाची दोन्ही मनगटं तिनं हातात धरली होती आणि त्यांवरून अंगठे फिरवत होती.

मी गाठ सोडायला लागले. बोटं ओली, गाठ सकाळपासून आवळलेली. सुटेना. शेवटी दातानं सोडली. काळे मणी बाहेर आले तेव्हा म्हातारीनं मान वर केली. माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या कपाळाकडं. तिला सगळं एकदमच कळलं.

ती ओरडली नाही. लोक जमले होते, शिपाई, जीपवाला, दोनतीन कामगार. सगळ्यांसमोर ती हौसाला म्हणाली, “घाल. आत्ता घाल. माझ्यासमोर.”

हौसानं घातलं. मानेमागचा आकडा लागेना. मी लावायला पुढं झाले आणि तिथंच थांबले. म्हातारीनंच तो लावला. मग जीपला धरून उठताना ती माझ्याकडं वळली.

“तू तरी सांगायचंस की गं हिला,” ती म्हणाली. “तिला न्हाई ठाऊक. आपल्याला ठाऊक हाय.”

रंगराव वाचले. डावा पाय मात्र गुडघ्याखाली कायमचा वाकडा झाला. हौसा परत आली ती महिन्याभरानं, होळी होऊन गेल्यावर. मनगटात बांगड्या होत्या, घट्ट मापाच्या. ती सरळ डागाच्या बाकाकडं गेली आणि जुन्या जागेवर बसली.

मी तिच्याजवळ गेले. “अगं, तिकडं तुझी जागा तशीच ठेवलीय साहेबांनी.”

“इथं बरी हाय मी.”

“सासूबाई काही बोलल्या का?”

“त्या काय बोलत न्हाईत, तेच तर हाय. एक शब्द न्हाई. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. मला भांडायला येतंय, तुमाला म्हाईत हाय.”

“मग? डोरलं गळ्यात नव्हतं म्हणून रंगराव पडले असं वाटतं का तुला?”

“न्हाई ओ. ट्रॉलीची साखळी तुटली म्हणून पडलं. मी काय खुळी हाय का?” तिनं डागाची कांडी उचलली, परत ठेवली. “पण ताई, त्या दिवशी त्या धुळीत बसल्या ना. तेवढा येळ त्यांचा लेक मेलेला होता. माझ्या हाताकडं बघून. आता रोज मी घरी गेले की पहिल्यांदा मनगट बघत्यात. तोंड न्हाई, मनगट. त्या बांगड्या मी परत काढू?”

मी हौदाकडं वळले.

बेडेकर साहेब येऊन गेले. “मी तुमच्या घरी येऊन समजावून सांगू का?” त्यांनी विचारलं. 

“काय सांगणार, साहेब? किरण कसा उडतो ते?” हौसा म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. साहेब पण हसले. पण निघून जाताना त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं.

मोठे साहेब आले. लेसरवर कुणीतरी बसायलाच हवं होतं. मोकळे हात माझेच होते. मी बसले.

मला जमत नव्हतं हे हौसाला हौदातल्या बुडबुड्यांवरून कळायचं, कारण आता डागाच्या कामासोबत हौदही तिच्याकडं आला होता. दोन दिवस तिनं सहन केलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती दाराशी येऊन उभी राहिली. आत यायचं नाही, दिवा लागलेला. ती काचेच्या बाहेरून बघायला लागली आणि नखानं काचेवर वाजवायला लागली. टक, टक, टक. मी हात त्या ठेक्यावर आणायचा. हात पळाला, की ती वाजवणं थांबवायची. मी चुकले, की तळहात आपटायची आणि बाहेरून काहीतरी ओरडायची. ऐकू यायचं नाही, पण तोंडावरून शिवी आहे एवढं समजायचं. हिरव्या काचेमुळं ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसायची.

असं तिनं मला शिकवलं. तिची भाकर त्या दिवसांत दुपारची तशीच राहायची. डागाच्या बाकावर तिचा खोकला परत सुरू झाला होता. काचेवरचा ठेका मधेच तुटायचा, ती वाकायची, आणि मी पाय उचलून थांबायचे. मग पुन्हा टक टक सुरू व्हायचं.

एके दिवशी तिनं माझी डबी पाण्यात बुडवली, बराच वेळ धरली आणि मला लांबून हात हलवून दाखवला. डबी मुकी होती. त्यानंतर ती काचेशी आली नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत तिनं कामच सोडलं. रंगरावांना शेतात उभं राहता येत नव्हतं. घरच्या म्हशी, शेत, सगळं तिच्यावर आलं.

मी त्या यंत्रावर राहिले. ऑपरेटर म्हणून माझं नाव लागलं. नुसतं शालनबाई नाही, सगळं नाव. एकदा मला चांगल्या कामाबद्दल शाल आणि नारळ मिळाला. बेडेकर साहेबांनी शाल माझ्या खांद्यावर घातली आणि हळूच म्हणाले, “हौसाबाई कशा आहेत, काही कळतं का?” त्यांच्या केसांत तोवर पांढरं आलं होतं. मी म्हणाले, बाजारात भेटतात कधी कधी. बाजारात भेटली की ती कुठल्याही गोष्टीवर बोलायची. म्हशीवर, मुलाच्या शाळेवर, गुडघेदुखीवर. यंत्राचं नाव तिनं कधी काढलं नाही. मीही काढलं नाही.

ते यंत्र म्हातारं झालं. त्याच्या जागी दुसरं आलं, मग तिसरं. मला निवृत्त व्हायला थोडे महिने राहिले होते, तेव्हा एका सकाळी शिपायानं सांगितलं, गेटवर कुणी बाई आल्यात, तुमचं नाव घेतात.

हौसा होती. वाळलेली, केस पिकलेले. मी तिच्या कपाळाकडं बघितलं. कुंकू नव्हतं. रंगराव गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं.

“कधी गं?”

“झालं दोन महिनं. झोपेत गेलं. बरं झालं, पायानं लई छळलं त्यांना.” तिनं पदर खांद्यावर ओढला. “आत्याबाई तर मागंच गेल्या. म्हाताऱ्या झाल्या तरी रोज मनगट बघायच्या माझं.”

“पोरगा?”

“पुण्याला हाय. ने म्हणतोय. मी न्हाई म्हणलं.” तिनं गेटच्या आत, पत्र्याच्या शेडकडं बघितलं. मग म्हणाली, “ताई, आता घेतील का मला? लेसरवर?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

“आता काय अडचण न्हाई न्हवं,” ती म्हणाली. दोन्ही हात पुढं करून तिनं ते उलटेपालटे करून दाखवले. “हात अजून चांगला हाय. म्हशीची धार काढून काढून बोटं बळकट झाल्यात उलट. बघा की.”

मी तिचे हात धरले. बांगड्यांची जागा अजून फिकट दिसत होती. 

“आत चल,” मी म्हणाले. “आधी बघ तर खरं.”

मी तिला सांगायला हवं होतं. दारापर्यंत जाईस्तोवर सांगू म्हटलं आणि वाटभर ती विचारत राहिली, चाक तेच आहे का, पेडल डाव्या पायालाच आहे ना, चष्मा हिरवाच का. मी पुढं चालत राहिले.

लेसरची खोली आता राहिली नव्हती. त्या जागी भिंत पाडून मोठी शेड केलेली. मधे कपाटासारखी पांढरी पेटी, तिला सरकतं दार. यंत्रावर स्नेहल होती. नुकतंच लग्न झालेली पोर, माझ्या हाताखाली शिकलेली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात नवं कोरं डोरलं, सगळं उघडं. चष्मासुद्धा नव्हता. ती डब्या रांगेनं ट्रेमध्ये मांडत होती आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या.

हौसा थांबली. तिच्या हातांकडं बघत राहिली.

“पोरी,” तिनं विचारलं, “बांगड्या चालत्यात व्हय?”

“चालतात की, मावशी,” स्नेहल म्हणाली. “दार बंद असतं ना. किरण आतल्या आत राहतो.”

“आणि गळ्यातलं?”

“त्याचं काय?” स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. मी मान हलवली. “मावशी पूर्वी इथं होत्या,” मी म्हणाले. “लेसरवर. माझ्या आधी. त्यांना बसू दे जरा.”

“या की मावशी. बसायचं नाही, उभंच राहायचं असतं. हे हिरवं बटण दाबा.”

हौसानं पदर कमरेला खोचला. एक पाय जरा पुढं टाकला, जमिनीवर चाचपला. तिथं काही नव्हतं. उजवा हात तिनं उचलला, तो थोडा वेळ हवेतच राहिला, मग तिनं बोट बटणावर टेकवलं. दार सरकत आलं आणि लागलं. आत बारीक घरघर सुरू झाली. काच नव्हती, आतलं काही दिसत नव्हतं.

हौसा दाराकडं बघत होती. मग तिनं स्नेहलकडं वळून विचारलं, “आता मी काय करू?”

“काही नाही, मावशी,” स्नेहल म्हणाली. “दार उघडेपर्यंत थांबायचं.”